बोलत नाही, म्हणून कळत नाही का?

डोक्याला जबर मार लागलेला माणूस काही आठवड्यांनी डोळे उघडतो, पण हाकेला ओ देत नाही. घरची मंडळी म्हणतात, "त्याला सगळे समजते." डॉक्टर मान हलवतात. खरे कोणाचे?

बेल्जियममध्ये ४४ रुग्णांना मुळीच जाणीव नाही असे ठरले होते. ठराविक कसोटीने ते पुन्हा तपासले, तेव्हा १८ जणांत जाणिवेच्या खुणा सापडल्या! हे २००९ साली प्रसिद्ध झाले. कसोटीतले एक साधन अगदी घरगुती आहे: आरसा. तो डोळ्यांसमोर हळूहळू फिरवायचा आणि नजर मागोमाग जाते का, ते पाहायचे.

पुढे तेथील लिएज शहरातील डॉक्टरांनी विजेचा प्रयोग केला. घाबरू नका, यात झटका नाही, शस्त्रक्रियाही नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावून दोन मिलिअँपिअरचा प्रवाह वीस मिनिटे सोडतात. त्याने मेंदूच्या पेशी थोड्या तरतरीत होतात, इतकेच. वेगळ्या दिवशी खोटाच प्रवाह देऊन तुलना केली. २०१४ सालचा निकाल असा: थोडी जाणीव असलेल्या ३० पैकी १३ जणांत नव्या खुणा दिसल्या, जाणीव नसलेल्या २५ पैकी दोघांतच. शिवाय एका बैठकीचा गुण फार टिकत नाही.

म्हणजे आधी नीट तपासणी हवी. तीही एकदा नव्हे. लिएजच्याच मंडळींनी २०१७ साली निदान पाच वेळा तपासा असे सांगितले, कारण सकाळी दिसलेली खूण दुपारी दिसेलच असे नाही.