माहितीपत्रकातली गाडी खरंच तिथून जाते का?

सुट्टी जवळ आली की घरोघरी सहलींची रंगीत माहितीपत्रकं येऊन पडतात. गुळगुळीत कागद, हिरवेगार डोंगर, पांढराशुभ्र धबधबा आणि त्याच्या पुढ्यातून वळण घेत जाणारी देखणी आगगाडी! मुलं चित्रावर बोट ठेवतात, सासूबाई चष्मा पुसून बघतात आणि आपण मनातल्या मनात शिलकीचा हिशेब मांडतो. निम्मा बेत चित्र बघूनच ठरतो. म्हणून मैत्रिणींनो, ते चित्र खरं की जोडलेलं, हे ओळखायला शिकणं आपल्याच फायद्याचं आहे.

हे शिकवणारी एक खास जमात आहे, ती म्हणजे रेल्वेवेडी माणसं. माझे धाकटे दीर त्यांतलेच. माहितीपत्रक हाती पडलं की आपण आधी भाडं बघतो, हे लोक आधी रूळ बघतात. घरच्यांना तो पोरखेळ वाटतो. पण बाजारात आपण भेंडीचं टोक मोडून बघतो ना, तशीच ही पारखी नजर असते.

तिची किंमत आमच्या शेजारच्या काकूंच्या अनुभवावरून कळली. काकूंनी भिशीचे पैसे साठवून ऐन पावसाळ्यात गोव्याची सहल घेतली. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर दूधसागर धबधबा, त्याच्यासमोरच्या पुलावर निळी-पांढरी गाडी आणि खाली ओळ होती, मुंबईहून कोकण रेल्वेने निसर्गरम्य प्रवास! काकूंचे गुडघे दुखतात, डोंगर चढणं त्यांना शक्य नाही. बसल्या जागी धबधबा दिसणार, याचंच त्यांना अप्रूप. दिवसभर त्या खिडकीपासून हलल्या नाहीत. मडगाव आलं, सामान उतरलं, तरी त्या विचारत होत्या, "अहो, दूधसागर यायचाय ना अजून?" सहलवाल्यांनी शांतपणे सांगितलं, "काकू, चित्र नमुन्यादाखल असतं."

ते पान नंतर दीरांनी पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, हा धबधबा या वाटेवर नाहीच!"

खरंच आहे ते. दूधसागर गोवा आणि कर्नाटक यांच्या सीमेवर आहे. लोंढा, कॅसल रॉक, कुळे असा घाट उतरत मडगावकडे येणाऱ्या रेल्वेमार्गावर तो लागतो. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, ती रोह्याहून रत्नागिरीवरून मडगावकडे आणि पुढे जाते. दोन्ही वाटा मडगावात भेटतात, पण कोकणातून येणाऱ्याला तो घाट लागतच नाही. दूधसागर गाडीतून बघायचा तर पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा या बाजूने यायला हवं. त्यातही वेळापत्रक बघावं लागतं. घाट रात्रीच्या अंधारात ओलांडला, तर धबधब्याचा नुसता आवाज कानी पडायचा!

मग दीरांना मी बाकीच्या खुणाही विचारून घेतल्या. त्या इथे देते. कुणालाही जमतील.

पहिली खूण तारांची. वंदे भारत गाडी फक्त विजेवर चालते. मुंबई ते मडगाव ती जून २०२३ मध्ये सुरू झाली, कारण त्याआधी २०२२ मध्ये कोकण रेल्वेच्या सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण पुरं झालं होतं. तेव्हा चित्रात ही गाडी धावते आहे आणि वर ना तार, ना खांब, असं दिसलं तर समजावं की देखावा छान दिसावा म्हणून तारा पुसल्या आहेत, नाहीतर गाडीच दुसरीकडून कापून आणली आहे.

दुसरी खूण रुळांची. आपल्या नेहमीच्या गाड्यांच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर असतं, तर माथेरानच्या छोट्या गाडीचं अवघं ६१०. ही चिमुकली गाडी रुंद रुळांवर चिकटवली, की पोरानं बापाचे बूट घातल्यासारखी दिसते.

तिसरी इंजिनाच्या जागेची. उटीच्या निलगिरी रेल्वेत मेट्टुपालयम ते कुन्नूर हा चढ फार मोठा आहे. तिथे रुळांमध्ये दातेरी पट्टी असते आणि इंजिन नेहमी उताराच्या बाजूला असतं. चढताना ते डबे मागून ढकलत नेतं. त्या चढणीवर इंजिन पुढे राहून डबे ओढताना दाखवलं असेल, तर चित्रकाराने घरी बसून गाडी चालवली म्हणायची!

चौथी आरशाची. पानाच्या मांडणीसाठी चित्र उलटं छापतात. डब्यावरची अक्षरं आणि आकडे वाचून बघा. उलटे दिसले, की आलं लक्षात. शिवाय आपल्याकडे दुहेरी मार्गावर गाड्या सहसा डाव्या रुळावरून धावतात.

पाचवी सावलीची. डोंगराची सावली एकीकडे आणि गाडीची दुसरीकडे पडली, तर दोघांचे सूर्य वेगळे! हल्ली संगणकाला नुसतं सांगितलं तरी तो अख्खं चित्र रचून देतो. तिथे रुळांखालचे स्लीपर नीट बघावेत. वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले दिसले, तर संशय घ्यावा.

आता रंग थोडे गडद केले, आकाश जरा निळं केलं, तर त्याला फसवणूक म्हणू नये. लग्नाच्या फोटोतही आपण थोडे उजळच दिसतो, बरं का! पण एका वाटेवरचा धबधबा उचलून दुसऱ्या वाटेवर ठेवला, की ती नुसती सजावट राहत नाही. त्यासाठी कुणीतरी पै पै साठवलेली असते.

पैसे भरण्याआधी गाडीचं नाव, नंबर, वाटेतली स्टेशनं आणि वेळ लेखी मागून घ्या. चित्रातलं ठिकाण गाडीतून दिसणार की नाही आणि कोणत्या बाजूच्या खिडकीतून, हे सरळ विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर पर्स उघडू नका. माहितीपत्रक आणि पावती घरी परतेपर्यंत जपून ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध दाद मागता येते, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरावर तक्रार सांगता येते. आणि हो, घरात किंवा शेजारी एखादा रेल्वेवेडा मुलगा असेल, तर त्याला हसण्याऐवजी बोलावून ते पान दाखवा. चहाच्या कपावर एवढा चांगला सल्ला दुसरीकडे मिळायचा नाही.