पुरात भिजलेला संगणक : आधी बटणापासून हात दूर

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीच्या पुराने वडोदरा शहराला वेढले. पावागडच्या डोंगरात उगम पावणाऱ्या या नदीत मुसळधार पावसाचे आणि आजवा जलाशयाचे पाणी एकदम आले. पातळी ३५ फुटांच्या पुढे गेली, अनेक वसाहतींचे तळमजले बुडाले आणि वस्तीत मगरीही शिरल्या. गोव्याला हे चित्र अपरिचित नाही. जुलै २०२१ मध्ये म्हादईच्या पुराने सत्तरी तालुक्यात घरे उद्ध्वस्त केली होती. अशा पुराचे पाणी ओसरले की दुकान, दवाखाना वा कार्यालयात चिखलाने माखलेला संगणक उरतो आणि तो चालतो का, हे पाहण्यासाठी हात आपसूक बटणाकडे जातो. बहुतेक वेळा खरे नुकसान तिथेच होते.

वीजप्रवाह नसताना पाणी संगणकातील सुट्या भागांना फारशी इजा करत नाही. पुराच्या पाण्यात मात्र क्षार, माती आणि सांडपाणी मिसळलेले असते, त्यामुळे ते विजेचे वाहक बनते. वीज सुरू होताच मदरबोर्डवर शॉर्टसर्किट होते आणि धातूचे सूक्ष्म जोड झपाट्याने गंजतात. म्हणून प्रथम घराचा मुख्य स्विच बंद असल्याची खात्री करावी. पाण्यात उभे राहून प्लगला हात लावू नये. लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर ती लगेच काढावी. फुगलेली बॅटरी घरात ठेवू नये व कधीही चार्ज करू नये. मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेलही काढावा, कारण संगणक बंद असतानाही तो वीज पुरवत असतो. विमा असेल तर काहीही उघडण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत.

यानंतर महत्त्वाचा प्रश्न येतो : वाचवायचे काय, यंत्र की माहिती? यंत्र पुन्हा विकत मिळते. हिशेब, रुग्णांच्या नोंदी, मुलांची छायाचित्रे मिळत नाहीत. त्यामुळे पहिली काळजी हार्ड डिस्कची घ्यावी. बहुतेक जुन्या पद्धतीच्या डिस्कला हवेचा दाब सारखा राखण्यासाठी बारीक छिद्र असते, त्यातून पाणी आत जाते. आतला चिखल वाळून तबकडीला चिकटला आणि डिस्क फिरवली, तर वाचक शीर्ष तबकडीवर घासून माहिती कायमची नष्ट होऊ शकते. माहिती मोलाची असेल तर अशी डिस्क वाळवू नये, उघडू नये. ओलसर कापडासह बंद पिशवीत ठेवून ती माहिती परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडे शक्य तितक्या लवकर पोहोचवावी. एसएसडीत फिरणारे भाग नसतात, त्यामुळे ती वाचण्याची शक्यता अधिक असते. पण माहिती कुलूपबंद केलेली असेल आणि मदरबोर्ड निकामी झाला, तर रिकव्हरी कीशिवाय ती उघडत नाही. ही की कागदावर लिहून दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली असावी.

उरलेले भाग तंत्रज्ञाकडून सुटे करवून घ्यावेत. चिखल डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून, सावलीत पंख्याखाली किमान दोन-तीन दिवस वाळवावा. कडक ऊन किंवा हेअर ड्रायरची उष्णता टाळावी. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय निरुपयोगी आहे. तांदूळ आतला चिखल व क्षार काढू शकत नाही, उलट त्याची पूड जोडांत अडकते. भिजलेला पॉवर सप्लाय उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो. तो बदलणेच योग्य.

सर्व काही कोरडे झाल्यावर चाचणी पायरीपायरीने करावी. नवा पॉवर सप्लाय, मदरबोर्ड, प्रोसेसर, एकच रॅम आणि पडदा एवढेच जोडून संगणक सुरू करावा. जुनी डिस्क जोडू नये. पडद्यावर काही न दिसल्यास रॅम काढून तिचे संपर्कबिंदू पेन्सिलच्या खोडरबराने हलके पुसून पुन्हा बसवावी. एका वेळी एकच भाग जोडला तर दोष कोणत्या भागात आहे हे नेमके कळते. संगणक सुरू झाला तरी निर्धास्त राहू नये. जोडांवर राहिलेले क्षार काही आठवड्यांनी हिरवट थर धरतात आणि एकेक पोर्ट बंद पडू लागते. म्हणून सुरू होताच सर्व माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी.

पावसाळ्यापूर्वी दोन गोष्टी सहज करता येतात. जमिनीवर ठेवलेला सीपीयू टेबलावर उचलून ठेवावा आणि माहितीच्या तीन प्रती कराव्यात. त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर असावी. अशी प्रत असलेल्याला पूर ओसरल्यावर फक्त यंत्राचा खर्च मोजावा लागतो.