अभ्यासानं गाठ होत नाही

गैरसमज : मेंदूतली गाठ म्हणजे परकं मांस. ते आपलं आपण फुगत जातं.

वस्तुस्थिती : मुलांमधल्या डिफ्यूज मिडलाइन ग्लायोमा या अत्यंत घातक प्रकारात कर्कपेशी निरोगी पेशींत मिसळून गेलेल्या असतात. म्हणूनच मस्तिष्कस्तंभातली अशी गाठ कापून काढता येत नाही. शिवाय या पेशी शेजारच्या चेतापेशींचे निरोपही घेतात. चेतापेशी कामाला लागल्या की न्यूरोलिजिन-३ हे प्रथिन सुटतं आणि ग्लायोमा जोमानं वाढतो, हे स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे यांच्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं. २०१९ मध्ये याच गटाला आणि जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांना त्याहून चक्रावणारी गोष्ट दिसली. चेतापेशी कर्कपेशींशी चक्क सिनॅप्स, म्हणजे निरोप पोचवणारे सांधे, जोडतात, आणि तिथं सुटणारं ग्लुटामेट हे निरोप्या रसायन गाठीच्या वाढीला चालना देतं.

गैरसमज : मग मुलाचा अभ्यास, टेन्शन, चायनीजमधला अजिनोमोटो, यांनीच गाठ झाली असणार.

वस्तुस्थिती : नाही. या प्रकारातल्या बहुतेक गाठींमागे हिस्टोन प्रथिनाच्या जनुकातला बदल असतो. तो २०१२ मध्ये उजेडात आला. तो सहसा आईवडिलांकडून येत नाही, त्यांच्या कुठल्या चुकीमुळे तर नाहीच. चेतापेशींचे निरोप ही वाढीची रसद, गाठीचं मूळ कारण नव्हे. अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेटच, पण अन्नातलं ग्लुटामेट बहुतांशी आतड्यातच खर्ची पडतं. एनएफ१ जनुकात दोष असलेल्या उंदरांना अंधारात वाढवलं, म्हणजे दृष्टीच्या चेतापेशींचं काम कमी केलं, तेव्हा दृष्टिचेतेवरच्या वेगळ्या प्रकारच्या गाठी कमी झाल्या, हे खरं. पण म्हणून पोराला अंधारात कोंडायचं नसतं!

गैरसमज : गाबा हे रसायन मेंदूला शांत करतं, म्हणजे ते गाठीलाही आवरेल.

वस्तुस्थिती : इथं गणित उलटतं. मिडलाइन ग्लायोमाच्या पेशींत क्लोराइड साठलेलं असतं. गाबानं वाट उघडली की ते बाहेर पडतं आणि पेशी उलट चेतते. गाबाचा परिणाम वाढवणाऱ्या आणि आकडीवरही दिल्या जाणाऱ्या लोराझेपामनं उंदरांमधल्या अशा गाठी वाढल्या, असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. तरी आकडी आलेल्या मुलाचं औषध घरच्या घरी बंद करणं धोक्याचंच. शंका डॉक्टरांना विचारावी.

आकडीवरच्याच पेराम्पॅनेल या दुसऱ्या औषधानं ग्लुटामेटची वाट अडवून उंदरांमधल्या गाठी मंदावल्या. मुलांसाठी तो अजून प्रस्थापित उपचार नाही. डोपामिन या निरोप्या रसायनाचा ग्राही (रिसेप्टर) रोखणारं म्हणून आधी ओळखलं गेलेलं डॉर्डाव्हिप्रोन हे औषध मात्र अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये, हिस्टोनबदल असलेल्या आणि आधीच्या उपचारांनंतरही वाढलेल्या ग्लायोमासाठी मंजूर झालं. अभ्यासलेल्या ५० रुग्णांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात गाठीनं प्रतिसाद दिला.