हॉर्सपॉवर नको, हेड विचारा

पावसाळा तोंडावर आला की कल्याण-ठाण्याच्या स्टेशनबाहेरच्या हार्डवेअरच्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एक हाफ एचपी द्या, चांगल्या कंपनीचा." दुकानदार खोका काढतो, गिऱ्हाईक वॉरंटी विचारतं, घासाघीस होते आणि पंप रिक्षात बसून घरी जातो. टाकी किती उंचावर आहे, पाईप किती इंची आहे, रोज किती पाणी चढवायचं आहे, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. मग दोन महिन्यांत "कंपनी बेकार निघाली" अशी तक्रार सुरू होते. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा कंपनीचा काही दोष नसतो.

इकडच्या गावांत हा पंप घरचा माणूस झाला आहे, त्याला कारण आहे. उल्हास आणि भातसा नद्यांचं पाणी मोठमोठ्या यंत्रांनी उपसून, शुद्ध करून शहरात येतं, पण ते ठरावीक तास आणि बेताच्या दाबानं. तळमजल्याच्या नळाला धार, दुसऱ्या मजल्यावर नुसता वारा. म्हणून जमिनीखालच्या टाकीत पाणी साठवायचं आणि तिथून गच्चीवर चढवायचं. नदीपासून इमारतीच्या दारापर्यंतची जबाबदारी पालिकेची किंवा एमआयडीसीची. शेवटच्या पंधरा-वीस मीटरची सोसायटीची.

हिशेब सोपा आहे, फक्त कुणी करत नाही. तळमजला अधिक तीन मजल्यांची, सोळा फ्लॅटची जुनी डोंबिवलीकर इमारत घ्या. घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर धरलं तर दिवसाला सुमारे साडेआठ हजार लिटर. चार मजल्यांचे बारा मीटर, गच्चीवरच्या टाकीचे तीन, जमिनीखालच्या टाकीचे तीन, असे अठरा. पाईपमधल्या घर्षणाचे आणि एल्बो-व्हॉल्व्हचे आणखी चार घातले की बावीस मीटर हेड, म्हणजे पंपाला पेलायची एकूण उंची, झालं. पाणी दीड तासात वर जायला हवं असेल तर मिनिटाला साधारण ९५ लिटर. एवढं पाणी एवढ्या उंचीवर न्यायला निव्वळ ३४० वॅट लागतात. छोट्या पंपांची कार्यक्षमता चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपुढे सहसा जात नाही, म्हणजे एक ते दीड एचपी हवा. हाफ एचपी लावला तर पंप चालेल, पण तासन्‌तास. तोच हाफ एचपी दोन मजली चाळीला किंवा एका बंगल्याला मात्र ऐसपैस पुरतो.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत सगळ्यात जास्त हेड आणि सगळ्यात जास्त डिस्चार्ज छापलेला असतो. हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. कमाल हेडला पाणी जवळजवळ थेंबही पडत नाही, आणि कमाल डिस्चार्ज मिळतो तो पाणी वर चढवायचंच नसेल तेव्हा. खरी माहिती असते पंपाच्या अंगावरच्या पट्टीवर आणि माहितीपत्रकातल्या तक्त्यात: इतक्या मीटरला इतके लिटर. बावीस मीटरच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते बघावं, बाकी सोडून द्यावं.

"जरा जास्तच हेडचा घेऊ, कमी पडायला नको," हा सल्ला मोटर जाळतो. साध्या सेंट्रिफ्युगल पंपाची गंमत अशी की उंची कमी झाली की तो जास्त पाणी फेकतो आणि जास्त ॲम्पिअर ओढतो. तीस मीटरचा पंप दहा मीटरला लावला की वायंडिंग तापतं. चांगला मेकॅनिक पंप बसवल्यावर टाँग टेस्टर लावून ॲम्पिअर बघतो, पट्टीवरच्या आकड्याशी ताडतो आणि गरज पडल्यास डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळतो. घरगुती सेल्फ प्रायमिंग पंपाचं नेमकं उलटं: त्याचा व्हॉल्व्ह आवळला की लोड वाढतो. त्यामुळे एकाचा इलाज दुसऱ्याला मारक ठरतो.

पाईपबद्दलही एक लाडका गैरसमज आहे. पाईप बारीक केला की प्रेशर वाढतं, असं सांगणारे प्लंबर अजून आहेत. तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या पाईपातून न्यायचं तर घर्षण सुमारे तीस पट होतं. एक इंची तोंडाच्या पंपाला अर्धा इंची पाईप जोडणं म्हणजे विकत घेतलेलं हेड पाईपातच घालवणं. खेचण्याच्या बाजूला तर हे आणखी महागात पडतं. पंप पाणी ओढत नाही. हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि तो दाब जास्तीत जास्त दहा मीटरपर्यंतच पुरतो. टोरिचेल्लीनं १६४३ मध्ये पाऱ्याच्या नळीनं हे दाखवलं. व्यवहारात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा नाही. खोल विहीर असेल तर पंपच पाण्यात उतरवावा लागतो. त्यासाठी ओपनवेल सबमर्सिबल.

हे यंत्र आपल्या मुलखाला परकं नाही. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी लोखंडी नांगर केला, १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९२६ मध्ये तिथं सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. आज दुकानात दिसणारे बरेच छोटे पंप कोइमतूरहून येतात. घेताना आयएस क्रमांक बघावा: घरगुती सेल्फ प्रायमिंग (रिजनरेटिव्ह) पंपाला ८४७२, सेंट्रिफ्युगल मोनोब्लॉकला ९०७९.

एक काम मात्र कोणत्याही पंपाचं नाही: पालिकेच्या लाइनवर थेट टुल्लू लावणं. त्याला कायद्यानं बंदी आहे आणि कारवाईत पंप जप्त होतात, पण लोकांना भीती फक्त जप्तीची वाटते. लाइनमध्ये निर्वात तयार झाला की फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, आणि ते आधी लावणाऱ्याच्याच नळाला येतं. शिवाय शेजारच्या इमारतीचा नळ कोरडा पडतो तो वेगळाच.

पावसात पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचलं की लोक घरचा सेल्फ प्रायमिंग पंप तिथं टाकतात. त्याच्या इंपेलरभोवती फट कागदाच्या जाडीइतकी. वाळूच्या दोन चिमट्यांत तो खलास. गाळाच्या पाण्याला ड्रेनेजचा सबमर्सिबलच हवा आणि त्याच्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी. ओल्या जमिनीवर उभं राहून प्लग लावणारा माणूस याशिवाय वाचत नाही.

त्याच बारीक फटीमुळे दरवर्षी एक प्रसंग ठरलेला. मे महिन्यात घर कोकणात जातं, पंप महिनाभर बंद. परत येऊन बटण दाबलं की नुसतं 'गुंगुं' होतं, पाणी नाही. आत गंज धरून इंपेलर चिकटलेला असतो. बटण तसंच दाबून ठेवलं तर पाच मिनिटांत वायंडिंग जळालंच. आधी प्लग काढायचा, मागच्या पंख्याचं झाकण उघडायचं, शाफ्टच्या टोकाला खाच असते तिच्यात स्क्रूड्रायव्हर घालून दोन्हीकडे हलवायचं. मोकळा झाला की पाणी ओतून प्रायमिंग करायचं आणि मगच चालू. शाफ्ट हातानं सहज फिरतो आणि तरी मोटर गुणगुणतेच, तर कपॅसिटर गेला. तो बदलताना जुन्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा लिहून न्यावा, कारण दुकानदार पुन्हा विचारणार फक्त एचपी.