समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे

बारावीचा निकाल लागला, की कळवण तालुक्यातले पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, मुलगी सायकॉलॉजी घ्यायची म्हणते. घेऊ द्यावी का?" या प्रश्नामागे दोन शंका असतात. पोटापाण्याचं काय, ही पहिली. दुसरी कुणी उघड बोलत नाही. हे वेड्यांचं शास्त्र, आपल्या मुलीनं त्यात कशाला पडावं? म्हणून हा विषय महाविद्यालयात आणि विद्यापीठात नेमका कसा शिकवतात, ते आज सांगतो.

पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांना वाटतं, आता समोरच्याच्या मनातलं ओळखता येईल. प्रत्यक्षात त्यांच्या हाती येतं स्टॉपवॉच आणि संख्याशास्त्राचं पुस्तक! कारण मानसशास्त्र हे प्रयोगानं वाढलेलं शास्त्र आहे. जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली त्याची प्रयोगशाळा उभी केली. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. दिवा लागल्यावर बटण दाबायला किती वेळ लागतो, अर्थ नसलेली अक्षरं किती लक्षात राहतात, असे प्रयोग मुलं एकमेकांवर करतात आणि मोजायला शिकतात.

मोजताना माणूस कुठला, हेही पाहावं लागतं. फ्रान्समध्ये बिने यांनी तयार केलेली बुद्धिमापन चाचणी जशीच्या तशी आपल्या मुलांना लावली, तर मूल हुशार असूनही मागं पडेल. हे ओळखून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडच्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी ती नव्यानं बसवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली निघालं. आजही ती बिने-कामत चाचणी म्हणूनच ओळखली जाते.

एम.ए.ला गेल्यावर समुपदेशन हा विषय सविस्तर येतो. गंमत पाहा, या शब्दातच 'उपदेश' दडलेला आहे आणि विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो तो उपदेश न करण्याचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडलं, की माणूस बदलायचा असेल, तर ऐकणाऱ्यानं त्याचं दुःख त्याच्या जागी उभं राहून समजून घ्यावं, त्याला अटी न घालता स्वीकारावं आणि स्वतः मुखवटा न घालता बोलावं.

ऐकायला सोपं आहे. पण समजा, नापास झालेला मुलगा म्हणाला, "आता घरी जायची लाज वाटते." आपण चटकन म्हणतो, "अरे, एवढ्यानं खचायचं नसतं. आमच्या वेळी..." झालं, मुलगा गप्प! शिकलेला समुपदेशक विचारतो, "घरी गेल्यावर काय होईल असं वाटतं?" आणि थांबतो. ते थांबणं वर्गात शिकावं लागतं. दोघं-दोघं समोरासमोर बसून सराव करतात, शिक्षक चुका दाखवतात. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, पण कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर गप्पही राहायचं नाही, ही शिस्तही तिथंच अंगी बाणते.

इथं एक खुलासा करतो. पदवी घेतली की डॉक्टर होत नाही. औषधं देतात ते मनोविकारतज्ज्ञ. ते आधी एम.बी.बी.एस. झालेले असतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. आपली मर्यादा ओळखून योग्य माणसाकडे पाठवणं, हेही समुपदेशकाचं कामच आहे.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. इथं कुणी 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाही. डोकं जड झालंय म्हणतात, जीव घाबरतो म्हणतात. अहिराणी बोलणारी बाई "माले करमत नही" एवढंच म्हणते. आश्रमशाळेतलं कोकणा किंवा भिल्ल घरातलं लहान मूल तर बोलतच नाही, नुसतं जेवण सोडतं. हे ओळखायला पुस्तकाइतकीच बोलीही यावी लागते. म्हणून मला वाटतं, या भागाला समुपदेशक हवा तर तो याच भागातून शिकून यायला हवा.

गोव्यातला एक अनुभव सांगतो. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेनं स्थानिक लोकांना दोन महिने शिकवून आरोग्य केंद्रांत समुपदेशनाला बसवलं. २०१० साली त्याचे निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी शंभरातले सुमारे ६६ रुग्ण सावरले होते; नेहमीच्या उपचारानं ४२-४३. मग विद्यापीठ कशाला, असं कुणी विचारेल. तर त्या स्थानिक लोकांना शिकवायला आणि अडलं तिथं मार्ग दाखवायला शिकलेली माणसं पाठीशी होती, म्हणून ते जमलं.

अशी माणसं इथं तयार होण्यात एक नवी अडचण आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं मानसशास्त्राचे नवे प्रवेश बंद केले. घरचं, शेतीचं पाहून इग्नूसारख्या विद्यापीठातून एम.ए. करण्याची वाट त्यामुळे बंद झाली. नियमामागचा विचार मला पटतो. ऐकायला शिकणं पोस्टानं होत नाही. पण नाशिकला खोली घेऊन राहणं ज्या मुलीला परवडत नाही, तिनं काय करावं? एक वाट बंद केली, तर दुसरी जवळ आणून द्यायला हवी. तालुक्याच्या महाविद्यालयांत हा विषय, त्याची प्रयोगशाळा आणि नाशिकमध्ये मुलींसाठी वसतिगृहाच्या जागा, एवढी मागणी पालकांनी एकत्र येऊन करायला हरकत नाही.

तोवर कुणाला मदत लागली, तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे.

आणि मुलगी सायकॉलॉजी घ्यायची म्हणत असेल, तर जरूर घेऊ द्या. फक्त प्रवेशापूर्वी तीन गोष्टी विचारा : अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, प्रात्यक्षिकं किती आहेत आणि ती कुणाच्या देखरेखीखाली होतात. नोकरीचं म्हणाल, तर शाळा, रुग्णालयं, स्वयंसेवी संस्था अशी कामाची ठिकाणं आहेत. पगार सुरुवातीला बेताचाच असतो, हेही तिला आधीच सांगा. पण "माले करमत नही" हे ज्याला पहिल्याच वेळी कळतं, अशा माणसाची गरज आपल्या तालुक्याला आजच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)