जॅक्सन फाइव्हचा पारखी कोण?

बेरी गॉर्डी आधी डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात लिंकन-मर्क्युरी गाड्यांच्या जुळणीवर होता. १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने रेकॉर्ड कंपनी काढली आणि कारखान्याची शिस्त तिथेही लावली. तयार गाण्यावर बैठकीत मतं पडायची. नापास झालेलं बाजारात जात नसे. चालावं कसं, बसावं कसं, हे गायकांना मॅक्झीन पॉवेल शिकवायच्या. हीच ती मोटाउन. जॅक्सन फाइव्ह या पाच भावांच्या बँडच्या वेळी या कारखान्याने आणखी एक गोष्ट घडवली, ती म्हणजे या पोरांना शोधून काढणारी डायना रॉस.

डायना तेव्हा कंपनीची सर्वांत मोठी तारका. ऑगस्ट १९६९ मध्ये बेव्हर्ली हिल्सच्या डेझी क्लबात तिनेच पाचही भावांना निमंत्रितांपुढे आणलं. डिसेंबरात आलेल्या पहिल्या अल्बमच्या नावातही तीच: 'डायना रॉस प्रेझेंट्स द जॅक्सन फाइव्ह'. मायकेलचं वयसुद्धा दोनेक वर्षांनी कमी करून सांगितलं गेलं. लोकांनी सगळं खरं मानलं.

वास्तविक पहिली तबकडी त्यांच्याच गावात निघाली होती. इंडियाना राज्यातलं गॅरी हे पोलादाचं गाव. वडील तिथे क्रेन चालवत. गॉर्डन कीथ यांच्या स्टीलटाउन कंपनीने १९६८च्या सुरुवातीला 'बिग बॉय' काढलं. गायिका ग्लॅडिस नाइटनेही मोटाउनकडे शब्द टाकला होता, पण दाद लागली नाही.

मग जुलै १९६८. शिकागोच्या रीगल थिएटरात बॉबी टेलरने ही पोरं पाहिली. टेलर मोटाउनचाच गायक, व्हँकुव्हर्स या बँडचा. (पुढे विनोदी नट म्हणून गाजलेला टॉमी चाँग याच बँडात गिटार वाजवायचा.) नुसती वाहवा करून तो थांबला नाही. पोरांना डेट्रॉइटला नेलं, आपल्या बिऱ्हाडी उतरवलं आणि गॉर्डीची सहायक सुझान डी पास हिला ऐकायला लावलं. लहान पोरं घ्यायला गॉर्डी नाखूश होता. स्टीव्ही वंडरच्या वेळी बालकलाकारांच्या कायद्यांनी त्याला पुरतं पिडलं होतं. शेवटी २३ जुलैला चाचणी झाली आणि ती कृष्णधवल फितीवर उतरवून त्याला दाखवली. दहाव्या वर्षाला टेकलेला मायकेल त्यात जेम्स ब्राउनचं गाणं त्याच्याच थाटात, पाय घसरवत म्हणतो. गॉर्डीने होकार दिला.

सुरुवातीची ध्वनिमुद्रणंही टेलरनेच केली. पुढे गॉर्डीने लॉस एंजेलिसला 'द कॉर्पोरेशन' ही गीतकार-निर्मात्यांची चौकडी जमवली आणि टेलर बाजूला पडला. चौकडीचं 'आय वाँट यू बॅक' जानेवारी १९७० मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

कीथने पहिली संधी दिली, डायनाने नाव दिलं. शोधाचं श्रेय मात्र माझ्या मते निखालस टेलरचं. २०१७ साली तो हाँगकाँगमध्ये वारला. शंका असेल तर 'आय वाँट यू बॅक'च्या तबकडीची मागची बाजू, 'हूज लव्हिंग यू', ऐका. ती टेलरने केलेली आहे.