अळवावरचे पाणी आणि मोटारीवरचे मेण

जी गोष्ट टिकत नाही तिला मराठीत ‘अळवावरचे पाणी’ म्हणतात. कोकणात परसात अळू नाही असे घर विरळाच. पावसात अळवाच्या पानाकडे नीट पाहा. पाण्याचा थेंब त्यावर पसरत नाही. पाऱ्याच्या गोळीसारखा इकडून तिकडे घरंगळतो आणि पान हलले की खाली पडतो. मेण लावलेल्या मोटारीच्या टपावरही थोडेफार असेच दृश्य दिसते.

विद्यार्थी मित्रहो, सुटीच्या दिवशी घरची गाडी धुण्याचे काम बहुधा तुमच्याच वाट्याला येते. या कामात भौतिकी आणि रसायन यांचे कितीतरी धडे दडलेले आहेत. शिवाय रत्नागिरीसारख्या समुद्रकाठच्या गावी हा प्रश्न केवळ चकाकीचा नाही, पत्र्याच्या आयुष्याचा आहे.

हवेतले मीठ

भाट्ये, मांडवी किंवा मिऱ्याच्या किनाऱ्यावर लाटा फुटतात तेव्हा पाण्यात असंख्य बुडबुडे तयार होतात. ते फुटताना खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर गावात येतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाण्याचा साधा थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर समुद्राच्या पाण्याचा एक थेंब वाळल्यावर सुमारे पावणेदोन मिलिग्रॅम क्षार मागे राहतात.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते हे तुम्ही पाहिले असेल. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतील बाष्प ओढून घेऊन विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते याहून बऱ्याच कमी आर्द्रतेत ओलावा धरते. म्हणजे पत्र्यावर मीठ असेल, तर पाऊस नसतानाही तेथे खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होऊ शकतो.

थेंबाखाली काय घडते?

लोखंड गंजते ते अशा ओलाव्यात. लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन दुसऱ्या ठिकाणी ऑक्सिजन व पाणी स्वीकारतात. जणू एक चिमुकला विद्युत्‌घटच पत्र्यावर चालू होतो. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने या घटाला गती मिळते.

ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात यासंबंधी एक सुंदर प्रयोग केला. स्वच्छ लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. त्यात फिनॉल्फ्थॅलिन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड हे दर्शक मिसळलेले असतात. थोड्या वेळाने थेंबाच्या कडेला गुलाबी आणि मध्यभागी निळा रंग दिसतो. कडेला हवेतून ऑक्सिजन भरपूर मिळतो, तेथे लोखंड सुरक्षित राहते. मध्यभागी ऑक्सिजन कमी पोचतो आणि नेमके तेथेच लोखंड विरघळते!

आता मडगार्डच्या आतल्या बाजूला थापलेला चिखल आठवा. तो ओला राहतो, खारट असतो आणि त्याच्याखाली हवा पोचत नाही. म्हणजे तो इव्हान्सच्या थेंबाचा मध्यभागच म्हणायचा. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, म्हणून रंगाखाली गंज धरला की रंगाला फुगवटा येतो. फुगवटा दिसतो तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

आजच्या पुष्कळ मोटारींच्या पत्र्यावर जस्ताचा लेप असतो. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. पण ते संपले की पुढची पाळी लोखंडाचीच. म्हणून समुद्रकाठी गाडी धुताना बोनेटपेक्षा गाडीच्या पोटाकडे अधिक लक्ष द्यावे. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके असतात. ती माती व पालापाचोळ्याने बुजली, तर दरवाजात पाणी साचते. एखाद्या बारीक काडीने ती मोकळी करावीत. पुळणीवर नेलेली गाडी तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवावी.

आधी पाणी, मग फडके

आपल्याकडची तांबडी धूळ म्हणजे जांभ्याचे चूर्ण. त्यात लोहाची ऑक्साइडे असतात, आणि रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कणही मिसळलेले असतात. काठिण्याच्या मोहस् मापावर क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे. काचसुद्धा त्यापेक्षा मऊ. मग मोटारीच्या रंगाची काय कथा? सर्वांत वरचा पारदर्शक थर तर एक प्रकारचे प्लास्टिकच असते आणि त्याची जाडी साधारण ४०–५० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी.

कोरडे फडके घेऊन धूळ पुसणे म्हणजे रंगावर पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच आहे. म्हणून प्रथम नुसते पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी. सुरुवात टपापासून करावी, कारण सर्वांत जास्त माती खाली असते. मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे. फडके दरवेळी साध्या पाण्यात पिळून मगच साबणाच्या पाण्यात बुडवावे, म्हणजे खडे बादलीच्या तळाशी राहतात. हाताने दाब देऊ नये.

ओरखडे पडले की काय होते ते स्टीलच्या ताटात पाहा. ताट बल्बखाली धरा. प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वर्तुळे दिसतील. घासताना वर्तुळेच काढली होती का? नाही. ओरखडे सगळ्या दिशांनी असतात. पण जे प्रतिबिंबाभोवतीच्या वर्तुळाला स्पर्शिकेसारखे असतात, तेवढेच बल्बचा प्रकाश आपल्या डोळ्याकडे पाठवतात. ताट हलवा, वर्तुळेही हलतील. मोटारीच्या बोनेटवर उन्हात दिसणारे जाळे हेच. आरशासारखे नियमित परावर्तन घटते, विखुरलेले वाढते, आणि आपण म्हणतो, ‘गाडीची चमक गेली.’

साबण काय करतो?

पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून पाण्याचा पृष्ठताण मोठा, २५ अंश सेल्सियसला मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन, असतो. साबण घातला की तो निम्म्याहून खाली येतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे व दुसरे तेलाकडे ओढ घेते. त्यामुळे तेलकट मळ सुटून पाण्याबरोबर जातो. मात्र कपड्यांची पावडर गाडीसाठी वापरू नये. ती तीव्र असते आणि मळाबरोबर मेणही घेऊन जाते.

पृष्ठताणाच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत आग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंचे नाव आदराने घेतले जाते. त्या काळी तेथे मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती. घरची भांडी धुताना पाण्याच्या पृष्ठभागावर तेल आणि साबण काय करतात, याचे त्यांनी निरीक्षण केले आणि घरच्या घरी उपकरण बनवून मापने घेतली. १८९१ मध्ये लॉर्ड रॅले यांच्या प्रयत्नाने त्यांचे पत्र ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळा स्वयंपाकघरातही असू शकते, ती अशी.

उन्हात का धुवू नये?

पुष्कळांची समजूत अशी की उन्हात थेंब भिंगासारखे काम करतात आणि रंग जाळतात. हे पडताळून पाहू. थेंब पूर्ण गोल धरला, तरी त्यातून गेलेले किरण त्याच्या मागच्या बाजूपासून सुमारे एक त्रिज्या अंतरावर एकत्र येतात. अर्धगोल थेंबात तर ते आणखी दूर जातात. पण थेंब पत्र्याला टेकलेला असतो. म्हणजे किरण एकत्र येण्यापूर्वीच रंग गाठतात. खरे कारण निराळे आहे. उन्हात साबण व पाणी झटपट वाळते आणि पाण्यातील क्षारांचे पांढरे डाग राहतात. म्हणून गाडी सावलीत धुवावी आणि लगेच मऊ, स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावी.

मेणाचा थर

सपाट पृष्ठावर थेंब कडेला जो कोन करतो त्याला स्पर्शकोन म्हणतात. १८०५ मध्ये टॉमस यंग यांनी त्याचे विवेचन केले. मेणावर पाण्याचा स्पर्शकोन १०० अंशांच्या वर असतो, म्हणून थेंब फुगीर राहतो. अळवाच्या पानावर तो १५० अंशांच्याही पुढे जातो, कारण तेथे मेणाबरोबर अतिसूक्ष्म खडबडीतपणाही असतो. थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो आणि खाली हवा अडकून राहते.

मोटारीच्या पॉलिशमध्ये ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण पुष्कळदा असते. मधमाश्यांचे मेण सुमारे ६३ अंश सेल्सियसला वितळते, कार्नोबा ८० च्या वर. मे महिन्यात काळे बोनेट किती तापते हे लक्षात घेतले, की या फरकाचे महत्त्व पटते. मेण अगदी पातळ लावावे, वाळू द्यावे आणि मऊ फडक्याने पुसावे. जाड थर दिल्याने चमक वाढत नाही, धूळ मात्र चिकटते. आणि लक्षात ठेवा, मेण वरच्या रंगाची निगा राखते. गाडीच्या पोटातील गंजावर तो उपाय नव्हे.

करून पाहा

१. रंगवलेल्या डब्याच्या झाकणाच्या अर्ध्या भागावर मेणबत्ती घासून फडक्याने पुसा. दोन्ही भागांवर एकेक थेंब ठेवून बाजूने मोबाइलने छायाचित्र घ्या आणि कोनमापकाने स्पर्शकोन मोजा. मग साबणाच्या पाण्याचे थेंब ठेवून पुन्हा मोजा.

२. तीन लोखंडी खिळे घासून स्वच्छ करा. एक गोड्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात अर्धवट बुडवा. तिसऱ्याला मेण लावून मिठाच्या पाण्यातच ठेवा. आठ दिवस रोज नोंद करा.

३. नळीने बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि दहा मिनिटांत नळीतून किती लिटर पाणी जाते ते काढा. त्याची दोन-तीन बादल्यांशी तुलना करा. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांत पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. तुमचे उत्तर वर्गात फळ्यावर लिहा आणि उन्हाळ्यात गाडी किती दिवसांनी व कशी धुवायची, हे त्यावरून ठरवा.